चार अलॉय चाकं, सहा नटांची

६ नोव्हेंबर २०२३, सोमवार

गाडी गेली. साडेदहाला भंगार केंद्राचा क्रेनवाला आला, अकराला फाटकाशी फक्त तेलाचा डाग उरला. दहा वर्षं पुरी झालेली डिझेल गाडी दिल्लीत ठेवता येत नाही. नियम म्हणजे नियम. मी जन्मभर नियमांवरच पोट भरलं, आता तक्रार कोणत्या तोंडाने करू?

सुनंदा गॅलरीत उभी होती. खाली साखळीचा खडखडाट सुरू झाला तशी म्हणाली, "पुढून उचलतोय. मागून उचलायला हवी, बंपर जाईल." चौथ्या मजल्यावरून हे तिला आवाजावरून कळलं. आणि बंपर गेलाच!

सप्टेंबरात डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं — दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजलाय. कडेकडेचं दिसत राहील, समोरचं नाही. लहानपणापासून जाड भिंगाचा चष्मा होता, त्यातलंच हे. गाडी चालवणं त्या दिवसापासून बंद. दवाखान्याच्या पायऱ्यांवरच तिने पर्समधून किल्ली काढून माझ्या हातात ठेवली. मी काय करणार किल्लीचं? मला गाडी येत नाही. आमच्या घरात गाडी चालवायची ती सुनंदाने, आणि शेजारी बसून सूचना द्यायच्या त्या मी.

गाडी मूळच्या लोखंडी चाकांवर देऊन टाकली. तिची अलॉय चाकं मात्र काढून वर आणलीत, चारही, टायर उतरवून. खादरातल्या, म्हणजे यमुनेच्या पूरपट्ट्यातल्या रेतीत ही पिकअप रुतायची, म्हणून आठ वर्षांपूर्वी मायापुरीच्या जुन्या बाजारात दोन दिवस हिंडून तिने ही रुंद चाकं निवडली होती. तेव्हाही जुनीच. आता गॅलरीत एकावर एक रचून ठेवलीत. चहा पिताना म्हणाली, "विकूया." एवढंच.

७ नोव्हेंबर

मनात आहे ते लिहून टाकतो. यमुनेच्या खादरात एकोणीस वर्षं हिची नर्सरी आहे. जागा भाड्याची, दोन माळी, आणि चौदा ऑफिसांत भाड्याने जाणाऱ्या कुंड्या — नोएडापासून पार आयटीओपर्यंत. ताज्या कुंड्या न्यायच्या, दमलेल्या परत आणायच्या, आठवड्यातून तीन दिवस. सगळं गाडीच्या जिवावर. सप्टेंबरपासून टेम्पो मागवतोय. टेम्पोवाले कुंड्या विटांसारख्या उतरवतात. गेल्या आठवड्यात अकरा फुटल्या.

जागेचा मालक विचारतोय, पुढल्या वर्षी जागा ठेवणार की सोडणार? १ डिसेंबरपर्यंत उत्तर हवंय त्याला. सुनंदा म्हणते, "बघू." हिचं "बघू" मला पस्तीस वर्षांत उलगडलेलं नाही. नर्सरी गेली तर ही बाई सकाळी उठून करणार काय? मला त्याचीच धास्ती आहे. चाकं विकणं ही आवराआवरीची पहिली पायरी दिसते.

८ नोव्हेंबर

पद्मजा मुनिरकाहून आली, पीएचडीचे कागद बाजूला ठेवून, जाहिरात टाकायला. मोबाइलवर जुन्या वस्तू विकायची जागा असते तिथे. लेकीने लिहिलं — एकदम नव्यासारखी, एकहाती वापर. मी म्हटलं, दोन्ही खोटं. सरक, मी लिहितो.

सरकारी भांडारात तीस वर्षं काढली, त्यातली बावीस कंडेम बोर्डावर. मोडकी टेबलं, पंखे, जीपगाड्या — तपासायच्या, निकामी ठरवायच्या, लिलावात काढायच्या. यादी कशी करावी हे मला कुणी शिकवायला नको. इंग्रजीत लिहिली, इथे मराठीत उतरवतो :

"वापरलेली अलॉय चाकं, पिकअपची, सोळा इंची, सहा नटांची, नग चार. जशी आहेत, जिथे आहेत. चाक क्र. १ — दर्शनी बाजूस ओरखडे, सर्वांत मोठा चार इंच. क्र. २ — रंग उडालेला, एरवी ठीक. क्र. ३ — आतल्या कडेला तडा, वेल्डिंगने जोडलेला. कारण : नोएडा मोडजवळचा खड्डा. क्र. ४ — मधलं झाकण हरवलेलं. विकणारे बहुधा तिसरे मालक."

पद्मजा वाचून म्हणाली, "बाबा, ये ॲड है या पोस्टमॉर्टम? कोणी फोन करणार नाही, लिहून ठेवा."

लिहून ठेवलं.

सुनंदा मात्र हसली नाही. "राहू दे तसंच," म्हणाली.

९ नोव्हेंबर

फोन नाही.

१० नोव्हेंबर, धनत्रयोदशी

एक फोन. गाझियाबादहून. "अंकल जी, इतने नुक़्स तो आपने ख़ुद लिख दिए. अब ये बताइए, छुपाए कितने हैं?" मी म्हटलं, एकही नाही. "अच्छा," म्हणाला आणि ठेवून दिला. त्याचा विश्वास बसला नाही. दोष कबूल करणारा माणूस म्हणजे मोठा चोर, असा या शहराचा हिशेब आहे.

पद्मजाला सांगितलं. हसून हसून तिच्या चकलीचा तुकडा पडला.

१४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. हवा अशी, की समोरचा टॉवर दिसत नाही. सुनंदा म्हणते, "आता तुम्हालाही माझ्यासारखंच दिसतंय." हे ती हसत म्हणते. मला हसता येत नाही.

पद्मजाने माझ्या नकळत किंमत थोडी उतरवली. फोन सुरू झाले! पहिले दोन मी घेतले. तिसरा वाजला तशी सुनंदाने हात पुढे केला. "द्या इकडे. तुम्ही त्यांना चाकांचं सांगता. मला त्यांचं ऐकायचंय."

आणि मग ती उलटतपासणी! गाडी कोणती? रोज कुठून कुठे? लोड काय असतो? ब्रेकरवर काय करता, गिअर उतरवता की नुसता ब्रेक? चाकं विकणारी बाई हे विचारते म्हटल्यावर पलीकडचा माणूस आधी गडबडतो, मग हसतो, मग बोलायला लागतो. शेवटचा प्रश्न ठरलेला — "क्लच कितने बदले अब तक?"

मी विचारलं, क्लचचा आणि चाकांचा काय संबंध? म्हणाली, "चाकांचा नाही, पायाचा आहे. ज्याचा पाय सतत क्लचवर, तो वर्षाला एक क्लच खातो. ज्याला गाडी कळते त्याचा पाच वर्षं पुरतो. खोटं बोलला तर लगेच कळतं, कारण खोटं बोलणाऱ्याला किती सांगावं तेच माहीत नसतं."

मी बावीस वर्षं जीपगाड्या कंडेम केल्या. हा प्रश्न मला एकदाही सुचला नाही.

१६ नोव्हेंबर

आजपर्यंत चौदा फोन, चौदाही नापास. एकाने सांगितलं, गुरुग्रामला मित्रांबरोबर शनिवारी डोंगरात गाडी उडवतो. नापास. एक म्हणाला, "मैं नहीं चलाता मैडम, ड्राइवर है." नापास. लेकीसाठी स्थळं बघतानाही ही इतकी चोखंदळ नव्हती! अर्थात त्या आघाडीवर लेकीनेच सगळी स्थळं नापास केली.

मला वाटतं तिला चाकं विकायचीच नाहीत. विकवत नाहीत. समजतं मला. मी रिटायर झालो तेव्हा ऑफिसची रबरी शिक्क्यांची पेटी दोन वर्षं कपाटात ठेवून होतो.

१७ नोव्हेंबर

मायापुरीचा व्यापारी आला. हातात टॉर्च, बोलण्यात साखर. सगळी चाकं उलटीपालटी केली आणि म्हणाला, क्र. २ वाकडं आहे, म्हणून भाव निम्मा.

सुनंदा उठली. दोन नंबरचं चाक उभं केलं, दार उघडलं आणि लिफ्टसमोरच्या लांब पॅसेजमध्ये हलकेच ढकललं. नुसती रिम, फरशीवर घंटेसारखी वाजत गेली, पार टोकाच्या दारापर्यंत. एकसारखा आवाज. ही डोळे मिटून उभी. "टेढ़ा होता तो हर चक्कर में एक ठोकर सुनाई देती. आपको सुनाई दी?"

व्यापाऱ्याने टॉर्च विझवला. "मैडम, आप इसी लाइन में हैं क्या?"

"नहीं जी. मैं तो फूल-पत्ते की लाइन में हूँ."

मी तिथे उभा होतो आणि मला अभिमानाने काय करावं सुचत नव्हतं. शेजारचे बॅनर्जी चाक आपटल्याच्या आवाजाने बाहेर आले, त्यांनाच सांगितलं — आमची मिसेस आहे.

मग तो म्हणाला, चारही घेतो, तिसऱ्याचं वेल्डिंग घासून वरून रंग चढवला की नवं. कोणाला काय कळतंय? तिने विचारलं, "लगेगा किसकी गाड़ी में?" तो म्हणाला, "जो ले जाए." तिने त्याला चहा दिला, चिवडा दिला आणि परत पाठवलं.

१९ नोव्हेंबर, रविवार

हे लिहू की नको?

दुपारी ती म्हणाली, जाहिरात पुन्हा एकदा वाचून दाखवा. वाचली. तिसऱ्या चाकापाशी तिने थांबवलं. "कारण बदला. खड्डा नव्हता."

म्हटलं, तूच सांगितलं होतंस मार्चमध्ये.

"दगड होता. खादरात उतरताना वळणावर आहे तो, चुना लावलेला. खड्ड्याचा मार खालून बसतो, दगडाचा बाजूने. घेणाऱ्याने मधला भागही तपासायला हवा. म्हणून सांगतेय."

तो दगड गुडघ्याएवढा आहे! एकोणीस वर्षं ती त्याच्या बाजूने जातेय. म्हटलं, तो दगड तुला कसा दिसला नाही?

"नाहीच दिसला. जानेवारीपासून समोरचं नीट दिसत नव्हतं. त्या दिवशी तुम्ही दातांच्या डॉक्टरकडे गेला होता. गाडीत नव्हता, म्हणून."

मला आधी अर्थच लागेना. मग लागला.

रिटायर झाल्यापासून मी तिच्या शेजारी बसून जातो. ब्रेकर आला. डावीकडून सायकल. लाल झाला. रिक्षा थांबतेय. ही माझी खोड. सगळा प्रवास ती म्हणायची, "गप्प बसा हो, मला दिसतंय." उठून मागची डायरीची पानं काढली. १८ जानेवारी : "आज सुनंदा मला एकदाही गप्प बसा म्हणाली नाही. वय झालं की माणूस निवळतो!" ३ फेब्रुवारी : "उलट आज म्हणाली, बोलत राहा. सूचनांचं महत्त्व उशिरा का होईना पटलं!"

आठ महिने ती माझ्या बडबडीवर गाडी चालवत होती. आणि मी इथे बसून स्वतःची पाठ थोपटत होतो.

मी ओरडलो. लग्नानंतर बहुधा तिसऱ्यांदा. कुणाला उडवलं असतं म्हणजे? फाटकाबाहेर शाळेची पोरं रस्ता ओलांडतात! ती म्हणाली, "माहीत आहे. दगडानंतर तुमच्याशिवाय एकदाही किल्ली फिरवली नाही." हे काय उत्तर झालं? मला का नाही सांगितलंस? तर म्हणाली, "सांगितलं असतं तर तुम्ही त्याच संध्याकाळी बोर्ड बसवला असता. मला तपासून, यादी करून, कंडेम."

मी जुनी डायरी मिटली. कारण बसवलाच असता.

२० नोव्हेंबर

बोलणं नाही. चहा मी केला. साखर जास्त झाली, तिने पिऊन टाकला.

२१ नोव्हेंबर

सकाळी तीन नंबरचं चाक घेऊन ई-रिक्षाने त्रिलोकपुरीला शौकतकडे गेलो. शौकत म्हणजे आमचा जुना पंक्चरवाला, वेल्डिंगही त्यानेच करवून दिलं होतं. म्हटलं, हे मधून काप.

त्याने चाक खाली ठेवलं. "बाबूजी, चार का सेट है. एक काट दिया तो बाक़ी तीन कौन लेगा?"

पण आमच्या भांडारात रिवाज होता. कंडेम झालेला माल तोडल्याशिवाय फाटकाबाहेर सोडायचा नाही. खुर्ची असली तर पाय कापायचे, टायर असला तर चिरायचा. नाहीतर वरून रंग लावून तोच माल बाजारात फिरतो आणि कुणाच्या तरी जिवावर येतो. लोक हसायचे, तोडलेल्या मालाला भाव कमी येतो म्हणायचे. येऊ दे कमी. मी एकही वस्तू अखंड सोडली नाही. आणि घरातलंच चाक सोडायचं?

रागातही होतो, खोटं कशाला बोलू. ग्राइंडर लागल्यावर ठिणग्या उडाल्या तेव्हा बरं वाटलं.

दोन अर्धुकं पिशवीत घालून घरी आणली. पद्मजाला फोनवर सांगितलं तर ती हिंदीतच भडकली. सुनंदाने मात्र दोन्ही तुकडे हातात घेतले, कापलेल्या कडेवरून बोट फिरवलं. वेल्डिंगच्या आत, जिथे कधीच दिसलं नसतं, तिथे तडा आणखी इंचभर पुढे गेला होता. तिचं बोट तिथे थांबलं.

"हे चाक मागे लावून मी सप्टेंबरपर्यंत फिरवलं," म्हणाली. "तुम्ही शेजारी होता." मग म्हणाली, "चुकलं माझं."

मी पस्तीस वर्षांत हे वाक्य तिच्याकडून ऐकलं नव्हतं. ऐकून आनंद होईल असं वाटायचं. नाही झाला. मी चहा ठेवला, या वेळी साखर बेताची.

२२ नोव्हेंबर

जाहिरात बदलली. नग तीन. "चाक क्र. ३ तडा असल्याने कापून नष्ट केलं. तड्याचं कारण : चालिकेला दगड दिसला नाही. उरलेल्या तिन्हींचा मधला भाग तपासला, ठीक." दुसरं वाक्य तिने स्वतः सांगितलं. मी म्हटलं, हे जगाला सांगायची काय गरज? म्हणाली, "मग तुमच्या यादीला अर्थ काय?"

अशी बाई! तीस वर्षांत कारणांच्या रकान्यात स्वतःचं नाव घालणारा एक अधिकारी मी पाहिला नाही. सगळ्यांचं आपलं "नैसर्गिक झीज."

२३ नोव्हेंबर

तीन चाकं कोण घेणार? फोन नाही.

२५ नोव्हेंबर

एक फोन. बिष्ट नावाचे गृहस्थ. कोटद्वारहून भाजी भरून पहाटे गाझीपूर मंडीत आणतात. म्हणाले, "दो पीछे लगा लूँगा, एक स्टेपनी. मुझे तीन ही चाहिए." सुनंदाने नेहमीची परीक्षा घेतली. क्लच? "सात साल की गाड़ी है मैडम जी, एक बदला है. वो भी भाई ले गया था शादी में."

सुनंदाचा चेहरा बघण्यासारखा झाला. "कल आइए," म्हणाली.

२६ नोव्हेंबर, रविवार

बिष्ट आले. पंचेचाळिशीचे, स्वेटरला कोथिंबिरीची काडी चिकटलेली. चपला दाराबाहेर काढल्या. चाकं पाहिली, नटांच्या भोकांत बोटं घालून पाहिली. मग सुनंदाने सरळ सांगितलं, कापलेल्या चाकाला तडा का गेला ते. दिसत नसताना चालवत होते, म्हणाली, आठ महिने.

मला वाटलं, आता हा उठून जाणार. ते म्हणाले, "हमारे पिताजी भी ऐसे ही चलाते रहे. मैं बग़ल में बैठता था, मुझे भी बाद में पता चला." आणि माझ्याकडे बघून हसले. मी पण हसलो. आठवड्याने हसलो.

मग ही म्हणाली, चाक बसतंय का ते गाडीला लावून बघू या, आणि मला एक चक्कर मारून आणा. खाली जाऊन एका चाकावर त्यांच्या स्टेपनीचा टायर चढवून घेतला, चाक लावलं, ते चपखल बसलं. ही पुढे बसली. मांडीवर काय घेतलं असेल? फुललेल्या गुलदाउदीची, आपल्या शेवंतीची, मोठी कुंडी! खादरापर्यंत जाऊन परत. मला म्हणाली, तुम्ही थांबा इथेच.

पंचवीस मिनिटं फाटकाशी उभा होतो. तिची शेवटची फेरी आहे, आपल्याच चाकावरची — एकटीलाच करावीशी वाटली असेल, असा विचार केला. परत आली ती कुंडी तशीच मांडीवर, एक पाकळी गळलेली नाही.

"ले जाइए," म्हणाली.

आणि किंमत! बिष्टांनी जाहिरातीतला आकडा मान्य केला, तर हिने स्वतःहून निम्म्यावर आणला! विकणाराच भाव पाडतोय हे मी कुठल्याही लिलावात पाहिलं नाही. नंतर विचारलं, तर म्हणाली, "बघू."

२७ नोव्हेंबर

गॅलरी रिकामी. तिथे चाकांचे काळे गोल उमटलेत. पुसायला गेलो, तर म्हणाली, राहू द्या आजच्या दिवस.

३० नोव्हेंबर

उद्या जागेच्या मालकाला उत्तर द्यायचंय. मी जागा सोडण्याचं पत्र तयार केलं, चांगलं, व्यवस्थित. वाचून दाखवू लागलो, तर ती म्हणाली, "राहू द्या. मी फोनवर बोलेन."

तर उद्या नर्सरी संपणार. तिला तोंडावर सांगणं मला जमायचं नाही, म्हणून कागदालाच सांगतो. लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये होतो तेव्हा ही पत्र्याच्या डब्यांत झाडं लावायची आणि शेजारणी म्हणायच्या, मराठी बाईला कामधंदा नाही. एकोणचाळिसाव्या वर्षी नर्सरी काढली. गाडी शिकली ती पिकअपच्या आधीच्या खटारा व्हॅनवर, तीही मला न सांगता. ऑफिसांच्या चौकीदारांशी हिंदीत भांडली, माळ्यांच्या पोरांची शाळेची फी भरली, यमुनेचं पाणी चढलं तेव्हा दोन वेळा सगळं वाहून गेलं आणि तिसऱ्या आठवड्यात पुन्हा रोपं लावली. मी? मी शेजारी बसून ब्रेकर आला म्हणायचो. माझ्या हातून आयुष्यात नुसतं निकामी ठरवणं झालं. काही उगवलं असेल तर ते हिच्या हातून. मला ही बाई फार आवडते. अजून, आणि आठ महिन्यांचा तो राग धरूनसुद्धा.

आता काय करेल, माहीत नाही. मी सोबत असेन, एवढंच ठरवलंय.

१ डिसेंबर

तिने दुपारी मालकाला फोन केला. आतल्या खोलीतून. काय बोलली ते विचारायचा धीर झाला नाही.

४ डिसेंबर, सोमवार

सव्वाआठला खाली हॉर्न. गॅलरीतून पाहिलं — बिष्ट! मंडीत भाजी उतरवून, खादरातून वळसा घालून इथे. गाडीत आमच्याच नर्सरीच्या कुंड्या, चाळीसेक, सगळ्या सरळ उभ्या.

मागे वळलो तर सुनंदा पदर खोचून तयार. म्हणाली, "सोम, बुध, शुक्र. त्या दिवशी गाडीतच ठरलं. जागाही पाच वर्षांसाठी ठेवलीय."

मी पुन्हा गॅलरीतून खाली पाहिलं.

"चाकं काय, कुणीही नेली असती हो," ती म्हणाली. "मला चालवणारा माणूस बघायचा होता. चला, ऑफिसांच्या पाट्या कोण वाचणार? मधली सीट तुमची."

बूट सापडत नाहीये. निघतो.